पाईप बसत नही भाऊ, बसाडना पडस : आपल्या गाड्यांच्या सायलेन्सरचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास

आजची पोस्ट लांब आहे. नगरपंचायत नाही, पाणीपुरवठा नाही, तिकीट कोणाला मिळणार तेही नाही. आज गाडीच्या पोटाखालच्या पाईपवर लिहितोय. हसू नका. ज्यांची मुलं व्हॅनने शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

जानेवारीतली गोष्ट. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत शाळेची व्हॅन येते. त्या दिवशी गाडी उभ्या उभ्या सुरू होती आणि खालून टक-टक-टक असा बारीक आवाज येत होता. पाच-सात मिनिटांनी इंजिन तापलं आणि आवाज बंद. चालवणारा पोरगा मला दादा म्हणतो. विचारलं, "काय रे, टॅपेट वाजताय का?" तो म्हणाला, "नाही दादा, सायलेन्सर नवा टाकलाय ना, तेव्हापासून आहे. चालू दे, बसेल हळूहळू." मग थोडं थांबून म्हणाला, "मागच्या सीटवरची पोरं कधीकधी डोकं दुखतं म्हणतात. काचा बंद असतात ना थंडीत, त्याचं असेल."

हे ऐकून मी घरी परत जाऊ शकलो नाही. पोरांना शाळेत सोडल्यावर त्याच्याबरोबर गॅरेजवर गेलो.

त्याचा आधीचा सायलेन्सर चोरीला गेला होता. घरासमोर उभ्या गाडीखालून, एका रात्रीत. सकाळी चावी फिरवली तर व्हॅन ट्रॅक्टरसारखी गरजली, तेव्हा कळलं. कंपनीच्या पार्टचा भाव ऐकून तो गप्प झाला, कारण त्याचे दोन महिन्यांचे हप्ते त्यात बसले असते. मग बाजारातला, ज्याला आपण 'लोकल' म्हणतो तसा, त्याने आणून बसवला. दिसायला चकचकीत. पण बसवताना चार तास गेले. एक भोक जुळेना, मागचं रबर पोचेना, मध्येच पाईप प्रॉपेलरला घासायला लागला. शेवटी कुठे कापून, कुठे वेल्डिंग मारून तो बसला.

गॅरेजवर एक म्हातारे मेस्त्री बसतात. आता हाताने काम करत नाहीत, पण नजर शाबूत आहे. त्यांनी वाकून एकदा खाली बघितलं आणि म्हणाले, "हाऊ पाईप बसत नही भाऊ, बसाडना पडस." म्हणजे हा आपोआप बसत नाही, बसवावा लागतो.

ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण याच मेस्त्रींना मी लहानपणी एका दुपारीत नवा सायलेन्सर घडवताना बघितलंय. तेव्हा बसत होता तो आता का बसत नाही? मेस्त्री विसरले की पाईप बदलला? याचं उत्तर शोधायला गेलो तर एक पूर्ण इतिहास हाताला लागला.

आधी जीपच्या काळात जाऊ.

आता ज्याला आपण ५३ नंबरचा हायवे म्हणतो तो तेव्हा ६ नंबरचा होता, हजिरा ते कोलकाता. सुरतेचा ट्रक कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेलला यायचा आणि साक्रीवरून धुळ्याकडे जायचा. त्या रस्त्यावर आणि पिंपळनेर, निजामपूरकडे आपली माणसं वाहायची ती काळी-पिवळी जीप. आत बारा, मागे लटकलेले सहा, टपावर दोन आणि कोंबड्या वेगळ्या. डिझेल इंजिन, कापडी हुड, काचांचा पत्ता नाही.

त्या जीपचा सायलेन्सर सडला, की दुकानातून नवा आणायची पद्धतच नव्हती. मेस्त्री जुना उतरवायचे, सुतळीने लांबी मोजायचे, ऑइलच्या बॅरलचा पत्रा कापून गोल वळवायचे. आत भोकं पाडलेली नळी, मध्ये एक-दोन पडदे, दोन्ही तोंडांना झाकणं, गॅस वेल्डिंग, झालं. जोडावर फट राहिली तर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून पट्टी आवळायची. संध्याकाळी जीप पुन्हा लाइनीवर.

ते बरोबर बसायचं याचं कारण मेस्त्रींचा हात, हे खरंच. पण दुसरंही कारण होतं. त्या पाईपकडून अपेक्षाच फार नव्हती. धूर मागे न्यायचा आणि आवाज दाबायचा, एवढंच काम. अमेरिकेतल्या रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं मूळ युक्ती तीच राहिली. धुराला कोंदट खोलीतून फिरवायचं, त्याचा जोर मोडायचा आणि मग बाहेर सोडायचं. पाईप अर्धा इंच इकडे गेला काय, तिकडे गेला काय, इंजिनला पत्ता नसायचा. जोडातून धूर गळला तर आवाज वाढायचा, आणि उघड्या जीपमधला धूर वाऱ्याबरोबर निघून जायचा. म्हणजे चूक व्हायची, पण ती पोटात घ्यायला जागा होती.

कायद्याचंही तेव्हा तेवढंच म्हणणं होतं. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियमही आले. त्यातला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. पण त्याच्या आधीचे दोन-तीन नियम कोणी वाचत नाही, ते बघा. ११२ वा सांगतो, धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही. कारण डाव्या बाजूला माणसं चालतात, चढतात, उतरतात. ११३ वा सांगतो, धुराचा पाईप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको. आणि ११४ वा सांगतो, की प्रवासी गाडीत हा पाईप असा बसवा किंवा झाका, की त्याच्यामुळे आग लागणार नाही. म्हणजे पाईप कुठून न्यायचा याचा विचार कायद्याने तेव्हाच केला होता. ३५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं. लोकल पाईप वाकवून बसवताना ही दोन बोटं कोण मोजतं?

आता १९९५. इथून गोष्ट बदलते.

पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या माणसाने शोधलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग टाकलं तर इंजिन 'नॉकिंग' करत नाही. सगळ्या जगाने ते उचललं आणि पन्नास-साठ वर्षं शिशाचा धूर श्वासात घेतला. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे नंतर सिद्ध झालं.

याच काळात युजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत धूर स्वच्छ करणारं एक यंत्र काढलं, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सोप्या भाषेत सांगायचं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची वीट. तिला हजारो बारीक भोकं, आणि भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप. तापलेला धूर त्यातून गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा साधा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेलं पेट्रोल जळतं, आणि नायट्रोजनचे घातक वायू पुन्हा साधा नायट्रोजन होतात. पण हूड्रीचं यंत्र लगेच गाड्यांत बसू शकलं नाही. शिशाचा धूर त्या लेपावर बसला की लेप मरतो. आधी पेट्रोलमधून शिसं जावं लागलं, मग १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांत हे पोळं आलं.

आपल्याकडे ते वीस वर्षांनी आलं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं. साऱ्या देशात बिनशिशाचं पेट्रोल यायला १ फेब्रुवारी २००० उजाडला.

या पाच वर्षांत काय झालं असेल, विचार करा. मुंबईत पाहुण्याने घेतलेली गाडी दोन वर्षांनी सेकंडहँड आपल्याकडे आली. गाडीच्या पोटात पोळं, आणि पंपावर शिशाचं पेट्रोल. थोड्याच दिवसांत लेप मेला, काहींचं पोळं तुंबलं आणि गाडी घाट चढेना. मेस्त्री सांगतात, पहिल्यांदा असा डबा उघडला तेव्हा आत ही वीट कशाला घातलीय हेच कळेना. सळई घालून फोडली, भुगा झटकला, रिकामा डबा परत लावला. गाडी पळायला लागली! गिऱ्हाईक खूश, मेस्त्री खूश.

मेस्त्रींना दोष देऊ नका. महानगरासाठी केलेला नियम सेकंडहँड गाडीबरोबर तालुक्यात आला आणि त्याला लागणारं पेट्रोल मागे राहिलं. समजावून सांगणारं कोणी आलंच नाही. पण त्या दिवसांत एक समज आपल्या गॅरेजांमध्ये रुजला, तो आजही निघालेला नाही : आत काही नसलं तरी चालतं, उलट गाडी मोकळी होते.

तो समज २००० पर्यंत निदान निभावून गेला. पुढे मात्र नाही.

कारण तिसरा बदल आला, सेन्सरचा. भारत स्टेज २ साऱ्या देशात २००५ मध्ये, ३ हे २०१० मध्ये, ४ हे १ एप्रिल २०१७ ला आणि ६ हे १ एप्रिल २०२० ला लागू झालं. पाच मध्ये नाहीच, सरकारने थेट उडी मारली. या प्रवासात कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं आणि धुराच्या पाईपमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसला. नव्या गाड्यांत असे दोन, एक पोळ्याच्या आधी आणि एक नंतर.

पहिला सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला क्षणाक्षणाला सांगतो, की धुरात ऑक्सिजन किती उरला. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे वजनाचं प्रमाण राखलं तरच पोळं तिन्ही विषं एकदम मारू शकतं. म्हणून कॉम्प्युटर त्या सेन्सरच्या शब्दावर पेट्रोल कमीजास्त करतो. दुसरा सेन्सर पोळं काम करतंय की नाही यावर नजर ठेवतो.

आता या पाईपच्या जोडाला सेन्सरच्या आधी बारीक फट राहिली तर काय होतं? धूर धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाईप बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं, धूर जास्त विषारी होतो आणि जादाचं पेट्रोल पोळ्यात जळून ते अति तापतं. केसाएवढ्या फटीपासून हे सगळं सुरू होतं. ज्या फटीवर मेस्त्री पूर्वी दोरी गुंडाळून मोकळे व्हायचे, तीच आज इंजिनला खोटी खबर देते.

म्हणून 'पाईप बसत नही' याचा अर्थच बदललाय. व्हॅन वर उचलून मेस्त्रींनी आणि त्यांच्या पोराने मला एकेक गोष्ट दाखवली. तुमच्या गाडीला बाजारातला सायलेन्सर बसवायची वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

पहिलं, पुढच्या जोडाचं तोंड, म्हणजे फ्लॅन्ज. भोकं एक-दोन मिलिमीटर सरकलेली असली की बोल्ट तिरका जातो. मग कारागीर भोक मोठं करतो. बोल्ट बसतो, पण दोन तोंडं समांतर बसत नाहीत, एका बाजूला फट राहते. गाडी थंड असताना ती फट टक-टक वाजते, लोखंड तापून फुगलं की आवाज बंद होतो. आवाज बंद झाला म्हणून गळती संपली असं समजू नका.

दुसरं, पॅकिंग. बऱ्याच गाड्यांत तिथे सपाट पॅकिंग नसून निमुळती गोल रिंग असते आणि बोल्टवर स्प्रिंग असतात. इंजिन हलतं तसा पाईप थोडा हलावा म्हणून. जुनी दबलेली रिंग पुन्हा टाकली, किंवा स्प्रिंग काढून बोल्ट गच्च आवळले, तर जोड ताठ होतो आणि थोड्या दिवसांत पाईपच तडकतो.

तिसरं, मागची रबरं. पुढे एका अंशाचा फरक पडला तर सहा-सात फूट मागे तो इंच-दीड इंच होतो. मग रबर ताणून अडकवतात. ताणलेलं रबर लवकर तुटतं, पाईप गतिरोधकावर आपटतो आणि धक्का परत पुढच्या जोडाला बसतो. बरोबर पद्धत अशी, की आधी सगळा पाईप सैल लटकवायचा, सगळीकडे अंतर बघायचं आणि मग इंजिनकडून मागे एकेक बोल्ट आवळत यायचं. आपल्याकडे घाईत प्रत्येक जोड जागेवरच आवळून पुढे जातात.

चौथं, सेन्सरची जागा. लोकल पाईपवर सेन्सरचा आटा चुकीच्या कोनात असतो, मग वायर ताणली जाते किंवा गरम पाईपला टेकते. काही पाईपांना दुसऱ्या सेन्सरची जागाच नसते. मग तो बाहेर लटकत बांधतात आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला की त्यावर काळी टेप चिकटवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाचवं, उष्णतेचं झाकण. पाईपच्या आणि गाडीच्या तळाच्या मध्ये जो पत्रा असतो तो नवा पाईप बसेना म्हणून काढून टाकतात. आत पोळं असेल तर तो डबा शेकडो अंशांवर तापतो. वर गालिचा असतो, त्याच्यावर पोरांचे पाय.

आणि सहावं, डब्याच्या आत काय आहे. बाहेरून कळत नाही. पोळं असेल, अर्धवट असेल, नसेलही.

आता चोरीकडे येऊ. लोक विचारतात, चोर टायर सोडून सायलेन्सर का नेतो? उत्तर त्या लेपात आहे. ऱ्होडियमचा जगातला बहुतांश पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून येतो. २०१६ मध्ये एका औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, ७०० डॉलरच्या आसपास मिळणारा हा धातू २०२१ च्या मार्चमध्ये २९,००० डॉलरच्या घरात गेला. तिकडे खाणी अडल्या, इकडे धुराचे नियम जगभर कडक झाले. आणि त्याचा धक्का आपल्या गल्लीत उभ्या व्हॅनला बसला. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी त्या काळात पकडल्या. गाडी उंच, खाली माणूस सहज शिरतो, आणि पोळं हाताला येतं. चोर आतली 'माती' काढून विकतो. काही प्रकरणांत मूळ सायलेन्सर काढून त्या जागी दुसराच लावून ठेवल्याचंही दिसलं, मालकाला पत्ता नाही.

म्हणजे साखळी बघा. धातू महाग झाला म्हणून कंपनीचा पार्ट महाग. पार्ट महाग म्हणून तो चोरीला जातो. चोरीला गेला की गरीब मालक स्वस्त पाईप घेतो. पाईप स्वस्त पडतो कारण त्यात तो धातू नसतो किंवा नावाला असतो. आणि कमी पैशांत बनवलेला पाईप मापालाही कच्चा असतो. शेवटी चोर, भंगारवाला, पार्ट बनवणारा, विकणारा, सगळे पैसे मोजून मोकळे, आणि धूर मागच्या सीटवर.

कायदा इथे काय म्हणतो? कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १८२-अ कलम, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांसाठी १९० (२), तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. सुटा पार्ट विकणाऱ्यासाठीही तरतूद आहे, एक वर्ष कैद किंवा प्रत्येक पार्टमागे एक लाख. पण ती केंद्र सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेल्या पार्टांपुरतीच.

म्हणून चित्र असं दिसतं. शहराशहरांत पोलीस बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोलर फिरवतात. आम्ही पत्रकार फोटो काढतो. मीही काढलेत. कारवाई चुकीची नाही. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून धडधडत जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण रोलर पाईपवरून जातो, दुकानावरून जात नाही. आणि ज्याने हौसेने आवाज वाढवला तो, आणि ज्याचा सायलेन्सर चोरीला गेला म्हणून नाइलाजाने लोकल घेतला तो, दोघं एकाच कलमात मोजले जातात.

पीयूसी आहे ना, असं कोणी म्हणेल. पीयूसीची नळी पाईपच्या शेवटच्या तोंडात घालतात. तिथून जे बाहेर पडतं ते मोजतात. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, जुन्या गाड्यांना ती ३ टक्क्यांपर्यंत होती. नियम चांगला आहे. पण मधल्या जोडातून, सीटच्या खालून जे गळतं, ते त्या नळीपर्यंत पोचतच नाही. ते कोणीच मोजत नाही.

आणि मुद्दा तोच आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवात डोकेदुखीने, मळमळीने, सुस्तीने होते. उघड्या जीपमध्ये बारा माणसं होती पण वारा होता. आजच्या व्हॅनच्या काचा बंद, आत दप्तरांसकट पोरं, आणि मागचं दार नीट लागलं नाही तर चालत्या गाडीत धूर मागून आत ओढला जातो.

त्या व्हॅनचं काय झालं? मेस्त्रींच्या पोराने थंड इंजिन सुरू केलं आणि मागचं तोंड ओल्या फडक्याने क्षणभर दाबलं. पुढच्या जोडातून फुस्स आवाज आला. साबणाचं पाणी टाकलं तर फुगे. एका बाजूला नख शिरेल एवढी फट. वर तळाच्या पत्र्यात एक रबरी बूच निघालेलं, तेही सीटखालीच. पाईप पूर्ण उतरवला. फ्लॅन्ज कापून, सैल लटकवून, बरोबर कोनात पुन्हा जोडला. नवी रिंग टाकली, स्प्रिंग परत लावले, मागचा हूक हलवला, पत्र्याचं झाकण बसवलं, बूच लावलं. सगळी दुपार गेली. टक-टक थांबली. पोरांची डोकेदुखी त्यामुळेच होती असं मी छातीठोक सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर तक्रार आलेली नाही. डब्यात पोळं आहे की नाही हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि ते टाकायला त्या पोराकडे पैसे नाहीत.

मेस्त्री तेव्हा म्हणाले ते महत्त्वाचं. "आमले कोणी शिकाडं नही. गाडी बदलनी, आम्ही तेच राहिनूत." जीपच्या काळात हात पुरत होता. १९९५ नंतर पाईपचं काम बदललं, २००५ नंतर पुन्हा बदललं, २०२० नंतर अजून. प्रत्येक वेळी राजपत्र निघालं, तारीख ठरली. तालुक्याच्या गॅरेजवाल्याला चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं असं कोणाला सुचलं नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. आपल्या तालुक्यात आयटीआय आहे, आरटीओचे कॅम्प लागतात, शाळांच्या पालक सभा होतात. शाळा उघडायच्या आधी प्रत्येक शाळेच्या व्हॅनचा पाईप एकदा जॅकवर उचलून बघावा. थंड इंजिनवर, ओल्या फडक्याने. खर्च शून्य. गॅरेजवाल्यांसाठी आयटीआयने वर्षातून दोन दिवस ठेवावेत. आणि ज्याचा सायलेन्सर चोरीला गेलाय, ज्याच्याकडे पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आहे, त्याला दंड न करता पाईप बदलायला मुदत द्यावी. विकणाऱ्याने पक्कं बिल द्यावं आणि त्यावर डब्यात पोळं आहे की नाही ते लिहावं. एवढं झालं तरी पुष्कळ.

हे निवेदन मी लिहून ठेवलंय. येत्या कॅम्पला घेऊन जाणार आहे. ज्या पालकांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, व्हॅनवाल्यांनी तर नक्की या, तुमच्या विरोधात नाही हे. आणि कोणाकडे काळ्या-पिवळ्या जीपचा जुना फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. मेस्त्रींना दाखवायचाय. ते म्हणतात, सायलेन्सर बघून सांगतो, माझ्या हातचा आहे की नाही.